घाटात गाडी आधी थांबते

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा मागे टाकून घाट उतरू लागली की वाटेत मधेच, फलाट नसलेल्या ठिकाणी थांबते. नवखा प्रवासी खिडकीतून वाकून बघतो, सिग्नल मिळाला नसेल असे समजतो. रोजचे प्रवासी मानही वर करत नाहीत. बोरघाटाचा उतार ३७ फुटांना १ फूट असा आहे. इथे ब्रेकने दगा दिला तर गाडी कोणाच्याच हातात राहणार नाही. म्हणून मुख्य मार्गाला जोडून ‘कॅच सायडिंग’ नावाचे फाटे काढलेले आहेत आणि सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी जागेवर पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक धरत आहेत याची खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ताबा सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर जाते आणि तिचा वेग तिथे मरतो.

रेल्वेच्या जुन्या अभियंत्यांनी उतरण्याची परवानगी गृहीत धरली नव्हती. प्रत्येक गाडीने, प्रत्येक फेरीत, ती नव्याने मिळवायची असते.

याच घाटमाथ्यावरून उलट्या दिशेने, पुण्याकडे, रोज सकाळी लोकल सुटतात. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव इथे चढणाऱ्या गर्दीत दूधवाले, कारखान्यातले कामगार आणि कॉलेजची पोरे असतात, तशीच पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेली मंडळीही असतात. आकुर्डी-चिंचवडला उतरून त्यांना हिंजवडीतली आयटी कंपनी गाठायची असते. गहुंजे, सोमाटणे, तळेगाव इथल्या नव्या सोसायट्या बऱ्याच अंशी याच नोकऱ्यांच्या भरवशावर उभ्या राहिल्या. या मंडळींच्या कामाचे स्वरूप गेल्या दोन-तीन वर्षांत जेवढे बदलले, तेवढे त्याआधीच्या वीस वर्षांत बदलले नव्हते. कारण त्यांच्या शेजारी आता एआय एजंट बसला आहे.

एजंट म्हणजे नेमके काय, हे आधी सरळ सांगायला हवे, कारण जाहिरातींनी त्याचे पार भूत करून ठेवले आहे. चॅटबॉटला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो आणि थांबतो. एजंटाच्या पोटातही तेच भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) असते. पण त्याच्या हाती साधने दिलेली असतात आणि त्याला एक चक्र फिरवायची मुभा असते. ‘लॉगिन केल्यावर जुना पत्ता दिसतो, दुरुस्त कर’ एवढे सांगितले की तो प्रकल्पातल्या फायली उघडतो, संबंधित कोड शोधतो, बदल करतो, टेस्ट चालवतो, आलेली चूक वाचतो, पुन्हा बदल करतो. टेस्ट पास झाल्या की बदलांचा गठ्ठा करून माणसाकडे तपासायला पाठवतो. मधल्या कोणत्याही पायरीवर कोणी बटण दाबत बसत नाही.

ही क्षमता किती झपाट्याने वाढली, याचे एक माप उपलब्ध आहे. २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-बेंच’ नावाची परीक्षा तयार केली. कोड साठवण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळावरच्या प्रत्यक्ष प्रकल्पांतले, प्रत्यक्ष माणसांनी नोंदवलेले २,२९४ दोष आणि मागण्या तिच्यात होत्या. तेव्हाच्या सर्वोत्तम प्रारूपाला त्यांतले जेमतेम २ टक्के सुटले. मार्च २०२४ मध्ये कॉग्निशन या कंपनीने ‘डेव्हिन’ हा एजंट आणला आणि सुमारे १४ टक्क्यांचा दावा केला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. २०२५ सरता सरता याच परीक्षेच्या ५०० प्रश्नांच्या निवडक संचावर आघाडीची प्रारूपे ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. परीक्षेतले गुण म्हणजे नोकरीतले काम नव्हे, हे कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या टॉपरला विचारावे. तरी दोनावरून ऐंशी ही झेप थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

यंत्राकडून कोड लिहून घेण्याची कल्पना पुण्याला मात्र मुळीच नवी नाही. टीसीएसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजे सगळे जिला ‘टीआरडीडीसी’ म्हणतात ती संस्था सुरू झाली. तिथे विनय कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून एका कल्पनेचा पाठपुरावा केला: प्रोग्रामरने ओळीन् ओळ हाताने लिहू नये, व्यवहाराचा आराखडा काटेकोर मांडावा आणि त्यावरून कोड साधनाने तयार करावा. त्यातून ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधने आली आणि मोठमोठ्या व्यावसायिक प्रणाली त्यांच्या आधाराने बांधल्या गेल्या. आज सिलिकॉन व्हॅलीतून जे नवे म्हणून येते आहे, त्यातला अर्धा प्रश्न या संस्थेत तीस वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. याची आठवण पुण्यातच फारशी कोणी काढत नाही, ही गंमत.

या दोन पद्धतींतला फरक समजला की आजचा अर्धा गोंधळ सुटतो. मास्टरक्राफ्टसारख्या साधनाला तोच आराखडा दहा वेळा दिला तर दहाही वेळा तोच कोड मिळे. चूक असली तर ती आराखड्यात किंवा साधनात. दोन्ही ठिकाणे ठाऊक असत. एजंटाला तेच वाक्य दहा वेळा सांगितले तर दहा वेगवेगळे कोड मिळू शकतात. नऊ चालतील, दहावाही चालेल असे वाटेल. उलट आराखडा शिकायला तेव्हा महिने लागत, एजंटाशी मात्र साध्या इंग्रजीत, आता तर मराठीतही बोलता येते. पूर्वी शिस्त साधनातच भरलेली असे. आता ती वापरणाऱ्याला स्वतःहून आणावी लागते.

ती आणली नाही तर काय होते, याचा धडा जुलै २०२५ मध्ये मिळाला. ‘सास्टर’ या सॉफ्टवेअर उद्योजकांच्या मंचाचे संस्थापक जेसन लेमकिन हे रेप्लिट कंपनीचा एजंट वापरून एक अॅप बनवत होते. बदल थांबवले आहेत, परवानगीशिवाय काहीही करू नकोस, असे त्यांनी एजंटाला बजावले होते. तरी एजंटाने प्रत्यक्ष वापरातला डेटाबेसच पुसून टाकला. त्यात १,२०० हून अधिक कंपनी-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, पुसलेले परत आणता येणार नाही असेही त्याने सांगितले. ते खोटे निघाले, डेटा परत आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस आणि वापरातला डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली.

या प्रकरणावर बरीच चर्चा ‘एजंट खोटे बोलतो का’ या अंगाने झाली. खरा प्रश्न फार साधा होता. बदल करू नकोस ही सूचना फक्त वाक्यात होती. प्रत्यक्ष डेटाबेसाचा दरवाजा उघडाच होता. बोरघाटात ‘उतारावर जपून’ अशी पाटी लावून सांधा मुख्य मार्गाकडे ठेवून दिला असता तर जे झाले असते, तेच इथे झाले. चालकाला सूचना देणे आणि रूळच दुसरीकडे लावून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंटाला वापरातला डेटा वाचता यावा, पण पुसता येऊ नये. पैशाचा व्यवहार मांडता यावा, पण पाठवता येऊ नये. कोड लिहिता यावा, पण तो माणसाच्या सहीशिवाय डिप्लॉय होऊ नये. हे सगळे परवानग्यांच्या रचनेत बसवायचे असते. ते काम कंटाळवाणे आहे, डेमोमध्ये दिसत नाही आणि म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते.

वेगाबद्दलही थोडे. एजंट वापरला की काम झपाझप होते, असे जवळपास प्रत्येक इंजिनिअर सांगतो. अमेरिकेतील ‘मीटर’ या संशोधन संस्थेने २०२५ च्या सुरुवातीची साधने देऊन हे तपासले. अनुभवी १६ प्रोग्रामर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीचे प्रकल्प, २४६ कामे. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत बंदी. काम सुरू होण्यापूर्वी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. मोजणीत दिसले की १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि खरी मेख पुढेच आहे: सगळे संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपला २० टक्के वेळ वाचला! साधने त्यानंतर पुष्कळ सुधारली, त्यामुळे तो १९ चा आकडा आज कोणाच्या तोंडावर फेकू नये. पण वेगाची जाणीव आणि वेग यांत एवढे अंतर पडू शकते, हे निरीक्षण जुने होणारे नाही. ज्या कंपनीत एजंटांचा फायदा ‘टीमला काय वाटते’ या सर्वेक्षणावरून मोजला जातो, तिथल्या आकड्यांवर विसंबून राहू नये.

वेळ जातो कुठे? वाचण्यात. कोड लिहिणे स्वस्त झाले, तपासणे झाले नाही. पूर्वी एक इंजिनिअर दिवसभरात दोनशे ओळी लिही आणि शेजारचा त्या अर्ध्या तासात तपासून देई. आता एजंट दुपारच्या चहापर्यंत दोन हजार ओळी समोर ठेवतो. त्या नीटनेटक्या असतात, नावे सुबक असतात, टिप्पण्याही भरपूर. डोळा चटकन फसतो आणि ‘ठीक दिसतंय’ म्हणून मंजुरी दिली जाते.

दिसण्यावर भुलण्याची किंमत या घाटाने पूर्वी मोजलेली आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. २५ बोगदे, अनेक पूल, कामाच्या ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर. ब्रिटिश अभियंत्यांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. चार वर्षांनी, जुलै १८६७ च्या पावसाळ्यात, म्हाऊ-की-मळी इथला दगडी पूल कोसळला. पुलाने उद्घाटन पाहिले होते, गाड्या पेलल्या होत्या, पाहुण्यांची वाहवा मिळवली होती. चौकशी झाली तेव्हा दोष निघाला तो बांधकामाच्या दर्जातच. काम भराभर उरकताना चिरेबंदीच्या आत काय भरले जाते आहे, यावर पुरेशी नजर राहिली नव्हती. एजंटाने लिहिलेल्या कोडचा तसा पावसाळा अजून यायचा आहे.

प्रॉडक्टच्या बाजूला चित्र जरा वेगळे आहे आणि, खरे सांगायचे तर, जास्त उत्साहाचे. एखादी कल्पना वापरून बघण्यासाठी पूर्वी टीम लागे, बजेट लागे, तीन-चार महिने लागत. आता ज्याला प्रश्न माहीत आहे तो स्वतःच संध्याकाळभरात कच्चे अॅप उभे करू शकतो. एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकाराला ‘व्हाइब कोडिंग’ म्हटले आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. यामुळे प्रोग्रामरची मक्तेदारी सैल झाली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर भाव वधारला तो प्रश्न ओळखणाऱ्याचा.

लोणावळा-तळेगावच्या मावळ तालुक्यातलेच उदाहरण घ्यावे. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे एआयवर चालणारे अॅप आणले. शेतकरी मराठीत विचारतो, अॅप मराठीत सल्ला देते. समजा कामशेतच्या भातशेतकऱ्याने करप्याबद्दल विचारले. उत्तर शुद्ध मराठीत येईल, आत्मविश्वासाने येईल. पण ते कोणत्या भातासाठी आहे? मावळात घरोघरी पिकतो तो इंद्रायणी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित करून १९८७ मध्ये प्रसारित केलेला. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तळेगावला येईपर्यंत तो निम्म्याहूनही कमी होतो. एकाच तालुक्यात, गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, फवारणीचा दिवस बदलतो. हे ज्ञान कुठल्याही भाषा-प्रारूपाच्या पोटात आपोआप शिरत नाही. ते केंद्रातल्या नोंदवह्यांत असते, कृषी अधिकाऱ्यांच्या डोक्यात असते, बांधावरच्या म्हाताऱ्यांकडे असते. ते गोळा करून एजंटाच्या हाती देणे आणि त्याला ठाऊक नसेल तेव्हा ‘कृषी अधिकाऱ्यांना विचारा’ असे म्हणायला लावणे, हेच अशा प्रॉडक्टचे खरे काम. पडद्यावरची बटणे कोणीही करून देईल.

निर्णय घेणारे यंत्र माणसांना थेट भेटते तेव्हा आणखी एक गोष्ट लागते: तक्रारीची खिडकी. मावळ ओलांडून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची इंटेलिजेंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम चालू आहे. सपाटीवर मोटारींना ताशी १०० किलोमीटर, घाटात ६०. मर्यादा ओलांडली की ई-चलान थेट मोबाइलवर. बेशिस्त वाहनांना आळा बसायलाच हवा, यात वाद नाही. पण वर्षभरात, जुलै २०२५ मध्ये, राज्यातले मालवाहतूकदार ई-चलानांच्या विरोधात संपावर गेले. कॅमेरा चुकला की चालक चुकला, हे ठरवायला माणूस सहज सापडत नसेल तर यंत्र कितीही अचूक असले तरी लोकांचा विश्वास बसत नाही. एजंट घालून ग्राहकसेवा ‘स्वयंचलित’ करायला निघालेल्या प्रत्येक कंपनीने या संपाचा अभ्यास करावा.

आता साहेब लोकांकडे वळू. पुण्याच्या आयटी उद्योगात नेतृत्व म्हणजे बराच काळ माणसांची मोजदाद होती. किती जण ऑनसाइट, किती जण बेंचवर, महिन्याला किती तासांचे बिलिंग. ज्याच्या हाताखाली जास्त माणसे, तो मोठा. एजंटांनी या हिशेबालाच हात घातला आहे. कॅनडातील शॉपिफाय कंपनीचे प्रमुख टोबी लुटके यांनी एप्रिल २०२५ मध्ये आपल्या लोकांना लिहिले, की नवा माणूस मागण्याआधी हे काम एआयकडून का होणार नाही ते दाखवा. पुण्यात आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सने सॉफ्टवेअर बांधणीसाठी ‘सासवा’ हा स्वतःचा एआय मंच ग्राहकांपुढे ठेवला आहे. तासांवर पैसे घेणारा धंदा तास वाचवणारे साधन विकू लागला, की दराचे गणित बदलणे ओघाने आलेच.

आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केले, की वर्षभरात सुमारे १२ हजार जणांना, म्हणजे ६ लाख १३ हजारांच्या मनुष्यबळातील २ टक्के लोकांना, कमी केले जाईल. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. कारण कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, एआयमुळे वाढलेली उत्पादकता नव्हे, असे कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी सांगितले. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. सगळे खापर एआयवर फोडणे सोपे आहे आणि ते बरोबर ठरेलच असे नाही. पण ज्या फळीवर घाव पडला, ती पाहण्यासारखी आहे. खालून आलेला अहवाल वर पाठवणे आणि वरून आलेली तारीख खाली कळवणे एवढेच ज्याच्या वाट्याला उरले होते, त्याचे काम एजंट खरोखरच करू शकतो.

मग उरते काय? याचे उत्तर शोधताना पुन्हा घाटातल्याच एका व्यक्तीकडे जावेसे वाटते. १८५९ मध्ये बोरघाटाचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतले आणि भारतात येऊन थोड्याच दिवसांत ते वारले. कंत्राट सोडून इंग्लंडला परतण्याऐवजी त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ते स्वतःच्या नावावर पुढे चालवले. त्या अभियंत्या नव्हत्या. अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांची त्यांनी निवड केली, काम त्यांच्यावर सोपवले आणि जबाबदारी स्वतःकडे ठेवली. लोहमार्ग पुरा झाला. चार वर्षांनी पूल पडला, हेही त्याच कहाणीचा भाग आहे. काम दुसऱ्याकडे देता येते, देखरेख पातळ झाली की काय होते तेही दिसते, आणि दोन्हींचा जाब शेवटी ज्याची सही आहे त्यालाच द्यावा लागतो. एजंट सही करत नाही. त्याला नोटीस बजावता येत नाही, त्याची वेतनवाढ रोखता येत नाही. त्यामुळे आजच्या डिलिव्हरी मॅनेजरला तीन गोष्टी स्वतः ठरवाव्या लागतात: एजंटाला काय सोपवायचे, त्याने कुठे थांबून विचारायचे आणि तपासणाऱ्या माणसाला त्यासाठी वेळ किती द्यायचा. यातली तिसरी गोष्ट बहुतेक वेळापत्रकांत अजून लिहिलेलीच नसते.

सर्वांत अवघड प्रश्न शिकाऊंचा आहे. अनुभवी इंजिनिअर एजंटाची चूक पकडतो, कारण त्याने स्वतः तशाच चुका केलेल्या असतात. त्या चुका करायला मिळत त्या फ्रेशरच्या पहिल्या दोन वर्षांत, किरकोळ बग सोडवताना. नेमके तेच काम एजंट सर्वांत चांगले करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील पगारपत्रकांच्या आधारे मांडले, की एआयची झळ जास्त लागणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वर्षांच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी लोकांना मात्र तशी झळ बसली नाही. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे पुण्याला लावू नयेत. तरी नव्या मुलांना न घेणारा उद्योग दहा वर्षांनी तपासणारे लोक कुठून आणणार, हा प्रश्न इथेही तेवढाच खरा आहे.

कुसगावला आणि तळेगाव दाभाडेला इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. तिथे दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात आणि आता त्यांतले बरेच एजंटाकडून लिहून घेतले जाणार, हे अध्यापकांनाही कळते. बंदी घालून उपयोग होणार नाही. परीक्षकांनी तोंडी परीक्षेचा नमुनाच बदलावा. ‘तुम्ही काय बनवले’ हे विचारण्याऐवजी एजंटाने लिहिलेला, आत एक दोष असलेला चारशे ओळींचा कोड विद्यार्थ्यापुढे ठेवावा, तासभर वेळ द्यावा आणि दोष कुठे आहे, तो टेस्टमध्ये का सापडला नाही, असे विचारावे. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, विद्यापीठाच्या मोठ्या निर्णयाची वाट बघावी लागत नाही. येत्या सत्रापासून एखाद्या विभागप्रमुखाने मनावर घेतले तरी पुरे.